अकरा दिवसांचं लंडन आणि बाबांचा प्लॉट

पत्र:

ताई, मी ३१ वर्षांची आहे. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरीला आहे. घरी मी आणि आई, बाबा जाऊन ६ वर्षं झाली. जूनमध्ये मावसबहिणीकडे ११ दिवस लंडनला जाऊन आले आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाहीये. रात्री झोपताना मोबाईलवर लंडनच्या रस्त्यांवरून नुसतं कुणीतरी चालत जातंय असले व्हिडिओ बघत पडते. तिथल्या बस-रेल्वेचं ऑयस्टर कार्ड अजून पर्समध्येच आहे. शेवटच्या दिवशी बहीण ऑफिसला गेली होती तेव्हा मी एकटीच २४ नंबरच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसून फिरले, मग साउथ बँकला नदीकाठच्या बाकावर दोन तास बसून राहिले, कुणी काही म्हणजे काही विचारलं नाही, आणि मला रडूच आलं. आता डोक्यात आहे की तिथे एक वर्षाचं मास्टर्स करायचं, कसलंही, मॅनेजमेंटचं मिळेल बहुतेक. लोनसाठी बाबांनी घेतलेला प्लॉट तारण ठेवावा लागेल. आई नाही म्हणत नाही, पण त्या विषयावर बोलतही नाही. मैत्रीण म्हणते ११ दिवसांत कुणी शहराच्या प्रेमात पडतं का, टुरिस्टचं वेड आहे, उतरेल. ताई, हे खरं आहे की वेड? आणि जाऊ का मी?

उत्तर:

अगं, ते ऑयस्टर कार्ड पर्समधून काढू नकोस, आधी हे सांगते. आणि तुझी मैत्रीण चुकतेय. ११ दिवस पुष्कळ झाले. मी पहिल्यांदा गेले ती ९ दिवसांसाठी, २००४ मध्ये, आणि परत आल्यावर दोन वर्षं माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला ट्यूबचा, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचा, नकाशा चिकटवलेला होता, कपडे काढायला दार उघडलं की आधी तो दिसायचा. त्यामुळे तुला जे होतंय ते खरं आहे, त्याला वेडबिड म्हणून मोकळं होण्यात काही अर्थ नाही. पण तू एका वाक्यात दोन प्रश्न विचारलेस, खरं आहे का आणि जाऊ का, आणि पहिल्याचं उत्तर हो आलं की दुसऱ्याचंही आपोआप हो, असं तू मनात धरून चालली आहेस. तिथेच माझा जीव अडकलाय, कारण त्या दोन प्रश्नांच्या मध्ये तुझ्या बाबांचा प्लॉट आहे.

तुझा प्रश्न फार जुना आहे, तो आधी कुणी विचारला होता ते सांगते. लंडनचा कंटाळा आला म्हणजे माणसाला आयुष्याचाच कंटाळा आला, अशा अर्थाचं सॅम्युअल जॉन्सन या अठराव्या शतकातल्या इंग्रज लेखकाचं एक वाक्य आहे, तू तिकडे मगवर किंवा पोस्टकार्डवर नक्की बघितलं असशील. ते वाक्य सगळ्यांना पाठ असतं पण ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर होतं ते कुणी सांगत नाही. १७७७ च्या सप्टेंबरमध्ये जॉन्सनचा मित्र जेम्स बॉसवेल त्याच्याशी बोलत होता. हा बॉसवेल स्कॉटलंडचा, एडिंबराला वकिली करायचा, आणि लंडनवर त्याचा इतका जीव की १९ वर्षांचा असताना शिक्षण सोडून तिकडे पळून गेला होता, आणि पुढेही संधी मिळाली की लंडन गाठायचा, काही आठवडे राहायचा, परत जायचा. म्हणजे तुझ्यासारखाच, पाहुणा. तर त्याने जॉन्सनला शंका विचारली की मी अधूनमधून येतो तेव्हा मला या शहराची जी गोडी लागते ती कायमचा राहायला आलो तर संपून नाही का जाणार, कंटाळा नाही का येणार? त्यावर जॉन्सनचं ते प्रसिद्ध उत्तर आलं. पण जॉन्सन तोवर ४० वर्षं लंडनमध्ये राहिलेला माणूस होता, सुरुवातीला तर राहायला जागा नाही म्हणून रस्त्यांवर फिरून रात्री काढलेला, त्याने आपल्या अनुभवाचं सांगितलं. पाहुण्याच्या शंकेला त्याने हातच घातला नाही, असं माझं मत आहे.

आणि पुढे काय झालं तेही ऐक, कारण तुझ्या कामाचं आहे. बॉसवेल खरंच १७८६ मध्ये बायको-मुलांना घेऊन लंडनला राहायला गेला, तिथल्या कोर्टात वकिली करायला. वकिली अजिबात चालली नाही. बायकोला क्षय झाला होता, ती परत स्कॉटलंडला गेली आणि १७८९ मध्ये वारली, तेव्हा हा लंडनमध्ये होता, निरोप आल्यावर धावत निघाला पण पोचेपर्यंत ती गेलेली होती. आणि तरी याच वर्षांत, याच शहरात बसून त्याने जॉन्सनचं चरित्र लिहून पूर्ण केलं, जे १७९१ मध्ये आलं आणि आजही वाचलं जातं. आता सांग, त्याने जायला हवं होतं की नको? मला याचं उत्तर देता येत नाही. पण एवढं दिसतं की शहरावरच्या प्रेमाने त्याची वकिली चालवली नाही, आणि जे काम त्याच्या हातून झालं ते त्याच्या आत आधीपासून होतं, लंडनला पाहुणा म्हणून येत असतानाच तो जॉन्सनचं बोलणं वर्षानुवर्षं टिपून ठेवत होता.

म्हणून मी तुला विचारतेय, तुझ्या आत काय आहे? तुझ्या पत्रात लंडन भरपूर आहे पण त्या मास्टर्सबद्दल तीनच शब्द आहेत. कसलंही, मिळेल, बहुतेक.

त्यावर येते, पण आधी तू काय बघितलंस ते नीट बघूया. तू जूनमध्ये गेलीस. जूनच्या शेवटाला लंडनमध्ये सूर्य साडेनऊला दहा कमी असताना मावळतो आणि दहापर्यंत आभाळात उजेड असतो, म्हणजे तुला दिवसाला दोन दिवस मिळाले. डिसेंबरच्या मध्यावर तोच सूर्य चारच्याही आधी बुडतो आणि सकाळी आठशिवाय उगवत नाही, आणि मधल्या वेळातही बरेचदा दिसत नाही, नुसता राखाडी उजेड. मी नोकरीनिमित्त १४ महिने राहिले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात अंधारात निघायचे आणि अंधारात यायचे, ऑफिसला खिडकी लांब होती, आणि एक आठवडा असा गेला की सोमवार ते शुक्रवार मी ऊन म्हणून बघितलंच नाही. याची सवय होते का, तर होते, लाखो लोक राहतात की. पण तू ज्याच्या प्रेमात पडलीस त्यात त्या उजेडाचा वाटा किती हे तुला अजून माहीत नाही.

दुसरं, तू बहिणीकडे राहिलीस. चहा हातात मिळाला, टॉवेल धुतलेला मिळाला, ट्यूबच्या सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं हे तिने सांगितलं, कार्डात पैसे तिनेच भरले असणार. यात काही वाईट नाही, पाहुणचार असाच असतो. पण शहर आपल्याशी कसं वागतं ते आपल्याला त्याच्याकडे काही काम पडलं की कळतं. भाड्याची खोली हवी असते, घरमालक आधीच्या घरमालकाचं पत्र मागतो आणि आधीचा घरमालक नसतोच. बँकेत खातं काढायचं तर पत्त्याचा पुरावा लागतो आणि पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेचंच स्टेटमेंट चालणार असतं. गिझर बिघडतो. हे सगळं कुठल्याही मोठ्या शहरात होतं. पाहुण्याला शहर आपली बाहेरची खोली दाखवतं, आणि लंडनची बाहेरची खोली तर काय सुंदर आहे, ब्रिटिश म्युझियम फुकट, नॅशनल गॅलरी फुकट, एवढ्या जुन्या चित्रासमोर अर्धा तास उभं राहा, कुणी तिकीट विचारत नाही. मला ते अजूनही फार मोठं वाटतं.

तो माझ्या कपाटातला नकाशा होता ना, त्याचंही असंच आहे. हॅरी बेकने काढलेल्या आणि १९३३ मध्ये छापून आलेल्या आराखड्यावर तो बेतलाय, बेक इलेक्ट्रिकल ड्रॉइंग काढणारा माणूस होता, त्याने सगळ्या लाइनी सरळ केल्या, मधली गर्दीची स्टेशनं ऐसपैस मांडली आणि लांबची जवळ ओढली. म्हणून नकाशात लेस्टर स्क्वेअर आणि कव्हेंट गार्डन बऱ्यापैकी लांब वाटतात आणि प्रत्यक्षात त्यांच्यात पावणेतीनशे मीटरसुद्धा अंतर नाही, चालत गेलं तर लवकर होतं. आणि कडेला जी स्टेशनं अगदी खेटून दिसतात तिथे चालत जायचं म्हटलं तर पायाचे तुकडे पडतात. विद्यार्थ्याला परवडणारी खोली त्या कडेलाच मिळते गं.

आता तो बाक. तुझ्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य तेच आहे आणि त्याच्यावरून तू भरकन पुढे गेलीस. कुणी काही म्हणजे काही विचारलं नाही, असं लिहिलंयस. मला दिसतंय ते, नदीला भरती-ओहोटी असते तिथे, ओहोटीला काठाचा चिखल उघडा पडतो, समोरून बोट जाते, मागून माणसांचा लोंढा चाललाय, आणि बाकावर एक ३१ वर्षांची मुलगी एकटी बसलीय आणि तिला कुणी विचारत नाही की एकटीच का, लग्नाचं काय झालं, आईला कोण बघतंय, पतसंस्थेत पर्मनंट आहेस ना. सहा वर्षं तू रोज ही उत्तरं देत आली असशील, दुकानात, स्टँडवर, हळदीकुंकवाला. रडू येणारच. मला तर वाटतं तुला लंडनपेक्षा जास्त प्रेम त्या दोन तासांवर बसलंय, आणि त्या दोन तासांतल्या स्वतःवर.

हे मी तुला कमी लेखायला नाही सांगत. मोठं शहर हे देतं, ते त्याचं फार मोठं दान आहे, आणि लंडन तर जास्तच देतं, कारण २०२१ च्या जनगणनेत तिथल्या दर १० माणसांत ४ जण देशाबाहेर जन्मलेले निघाले, त्यामुळे परकं दिसणं ही तिथे काही बातमीच नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजू मी बघितलीय. त्या पहिल्या डिसेंबरात मला ताप आला. पाच जणांचं शेअरिंगचं घर, माझी खोली वरच्या मजल्यावर, बाजूच्या खोलीतल्या मुलीचं नाव मला माहीत होतं, तिला माझं माहीत होतं. चार दिवस मी खोलीतून फक्त बाथरूमला आणि पाणी भरायला बाहेर पडले. जिन्यावर पावलं वाजायची, माझ्या दारापाशी आली की जरा हळू व्हायची, म्हणजे मला झोपमोड नको म्हणून, आणि पुढे जायची. कुणी दार वाजवलं नाही. ती माणसं वाईट नव्हती, अजिबात नव्हती, तिथल्या रीतीने ती माझा मान राखत होती. कुणी काही विचारलं नाही. जे मला पहिल्या ९ दिवसांत स्वर्ग वाटलं होतं तेच, एका अक्षराचा फरक नाही.

आणि मग ते बदललं कसं तेही सांगते, नाहीतर तू म्हणशील ताई घाबरवतेय. घराच्या कोपऱ्यावर एक लाँड्री होती, नाणी टाकून मशीन लावायचं, तिथे एक वयस्कर बाई गल्ल्यावर बसायच्या, मूळच्या जमैकाच्या. मी दर शनिवारी सकाळी जायचे आणि आमच्यात फक्त सुट्टे पैसे आणि थँक्यू एवढंच व्हायचं. तापानंतर दोन शनिवार चुकवून गेले तर त्या नाण्यांची रास माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, दोन आठवडे दिसली नाहीस. बस. मी तिथे त्या गरम मशीनला पाठ टेकून उभी राहिले आणि मला पहिल्यांदा वाटलं की या शहरात माझी कुणीतरी नोंद ठेवतंय. त्या दिवसानंतर लंडन मला आवडायचं थांबलं आणि माझं झालं, हे दोन वेगळे प्रकार आहेत. पण त्या बाईंपर्यंत पोचायला चार महिन्यांचे शनिवार लागले, ११ दिवसांत लाँड्री दिसत पण नाही.

आता पैशाचं आणि व्हिसाचं, हे पटकन सांगते पण तू हळू वाच. लंडनमधल्या बहुतेक मास्टर्सची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची फी २०,००० पौंडांच्या वर जाते. शिवाय व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे महिन्याला साधारण १,५०० पौंड या हिशेबाने ९ महिन्यांचे पैसे खात्यात दाखवावे लागतात, आणि आरोग्याचा सरचार्ज विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. शिकताना टर्म चालू असेल तर आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यात घरभाडं पण नीट निघत नाही, फी फेडायचं तर सोडूनच दे. कोर्सनंतर राहायला जो ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो तो आत्तापर्यंत २ वर्षांचा होता पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना मास्टर्सनंतर दीड वर्षाचाच मिळणार. आणि त्यापुढे राहायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा, ज्याला जुलै २०२५ पासून साधारण नियमाने वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो, नुकतंच शिक्षण संपवलेल्यांना त्यात थोडी सूट आहे, पण मुळात व्हिसा द्यायला तयार असणारी कंपनी मिळाली तर. हे आकडे सारखे बदलतात, तू अर्ज करायच्या आधी यूकेच्या सरकारी साइटवर स्वतः बघ, एजंटच्या तोंडचे घेऊ नकोस. एजंटला तू गेलीस की कमिशन मिळतं. तू परत कशी आलीस हे त्याला कुणी विचारत नाही.

म्हणजे प्लॉट तारण ठेवून तुला मिळणार एक वर्ष अभ्यासाचं, त्यानंतर दीड वर्ष नोकरी शोधायचं, आणि या अडीच वर्षांत हप्त्याची तलवार डोक्यावर. त्या बाकावर बसून तू हप्ता मोजणार आहेस. अगं, तो बाक मग तसा राहील का?

माझी एकच कसोटी आहे या बाबतीत. जो कोर्स तू निवडशील तोच कोर्स, तीच पदवी, इंग्लंडमधल्या एखाद्या छोट्या गावात असता, जिथे साउथ बँक नाही, दुमजली बसमधून काही बघण्यासारखं नाही, तर तू त्यासाठी प्लॉट तारण ठेवला असतास का? हो म्हणालीस तर जा, खुशाल जा, मी तुझ्या बाजूने आहे, आणि मग लंडन हा वरचा आनंद धर. नाही म्हणालीस तर हा कोर्स म्हणजे राहण्याचं तिकीट आहे आणि ते फार महाग तिकीट आहे. पतसंस्थेत तू कर्जाच्या फायली बघत असशीलच, ही फाईल दुसऱ्या कुणाची म्हणून तुझ्या टेबलावर आली असती तर तू काय शेरा मारला असतास, तो मार.

असं म्हटलं म्हणजे लंडन सोडून दे असा अर्थ काढू नकोस. मी उलट म्हणतेय, परत जा. पण नोव्हेंबरात जा. व्हिजिटर व्हिसावर, तीन आठवडे, रजा साठवून, लागलं तर दीड-दोन वर्षं पैसे बाजूला टाकून. व्हिजिटरला तिकडे काम करता येत नाही, करायचंही नाही, पण साध्या व्हिजिटर व्हिसावर मान्यताप्राप्त संस्थेत छोटा कोर्स करायची मुभा असते, तर दोन आठवड्यांचा कसला तरी कोर्स बघ जो तुला खरंच आवडेल. बहिणीकडे पहिले दोन दिवस राहा, तिला वाईट वाटेल पण समजावून सांग, आणि मग झोन ४ मध्ये, म्हणजे शहराच्या मध्यापासून लांब, कुठेतरी साधी खोली घे. रोज सकाळी आठच्या गर्दीत ट्यूबने कोर्सला जा, तोंड दुसऱ्याच्या काखेत असेल असं उभं राहून. कपडे स्वतः धू. एका रविवारी मुद्दाम काहीही ठरवू नकोस, पाऊस असेल तर बरंच, आणि संध्याकाळी पाचला, मिट्ट काळोखात, तुला तिथे काय वाटतं ते बघ. घरी यावंसं वाटलं तर तसं लिहून ठेव. खिडकीशी बसून बरं वाटलं तर तेही लिही. हे दोन्ही तुला त्या व्हिडिओंत मिळणार नाही, व्हिडिओत कुणाचे मोजे ओले नसतात.

आणि मधल्या काळात तो बाक इथे शोधायचा. हे मी मनापासून सांगतेय. तुला जे दोन तास मिळाले ते महिन्यातून एकदा मिळवायला लंडन लागत नाही, जिथे तुला कुणी ओळखत नाही असं कुठलंही शहर चालतं. शनिवारी एसटीत बसायचं, चार-पाच तासांवरच्या शहरात उतरायचं, आईला सांगून जायचं पण काम सांगायचं नाही, कारण काम नसणारच आहे. पहिल्यांदा फार चोरट्यासारखं वाटेल. दुसऱ्यांदा कमी. कदाचित तुला असं कळेल की तुला गाव सोडायचंय, लंडनच असं नाही, आणि पुण्या-मुंबईची बदली किंवा नोकरी हा त्यावरचा उपाय आहे ज्याला प्लॉट लागत नाही. किंवा असं कळेल की नाही, मला तेच शहर हवंय, तीच नदी. मग ते कळून जा.

नोव्हेंबरात गेलीस की दोन ठिकाणी जा. एक, चॉक फार्म स्टेशनवरून चालत किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. ते आधी १९१६ मध्ये लंडनला आले होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, पण बडोद्याच्या स्कॉलरशिपची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. परत आले ते नोकरी केली, पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० मध्ये पुन्हा गेले आणि अर्धं राहिलेलं पुरं केलं. मी त्या घरासमोर उभी होते तेव्हा, म्हणजे सरकारने घ्यायच्या आधी, बाहेर नुसती पाटी होती, आणि मला सारखं मनात येत होतं की त्या माणसाला या शहरात काय करायचंय हे बोटीत चढायच्या आधी ठाऊक होतं. तू पण एकदा त्या दारासमोर उभी राहा.

दुसरं, एम्बँकमेंट स्टेशन, नॉर्दर्न लाइनचा उत्तरेकडे जाणारा प्लॅटफॉर्म. तिथे गाडी आली की फटीकडे लक्ष द्या अशी घोषणा होते, माइंड द गॅप, ती तर तू हजारदा ऐकली असशील, टीशर्टवरही बघितली असशील. पण त्या एका प्लॅटफॉर्मवरचा आवाज वेगळा आहे. ऑस्वल्ड लॉरेन्स नावाच्या नटाचा तो आवाज, १९६० च्या दशकात रेकॉर्ड केलेला. तो २००७ मध्ये गेला. त्याच्या मागे त्याची बायको त्या प्लॅटफॉर्मवर जाऊन बसायची, गाडी आली तरी चढायची नाही, पुढच्या गाडीची वाट बघायची, म्हणजे तो आवाज पुन्हा ऐकू येईल. २०१२ मध्ये नवी डिजिटल घोषणा आली आणि तो आवाज बंद झाला, ती जाऊन चौकशी करू लागली, आणि तिची गोष्ट कळल्यावर रेल्वेच्या माणसांनी जुनं रेकॉर्डिंग शोधून काढलं, तिला त्याची सीडी दिली आणि २०१३ मध्ये त्या एका प्लॅटफॉर्मवर तो आवाज परत लावला. ९० लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात, एका बाईसाठी. मी हे वाचलं तेव्हा परत येऊन मला बरीच वर्षं झाली होती आणि मला लाँड्रीतल्या त्या बाई आठवल्या.

आईबद्दल. ती नाही म्हणत नाही आणि बोलतही नाही असं लिहिलंयस. मला वाटतं तिला प्लॉटची काळजी असेलच, पण त्याहून जास्त, तू परत येताना अर्धी तिकडेच राहिलीस हे तिने बघितलंय आणि त्याचं कारण ती आहे की काय असं तिला वाटत असणार. तू तिला त्या बाकाचं सांगितलंयस का? बिग बेन आणि बकिंगहॅम राजवाडा दाखवला असशील मोबाईलवर, बाकाचं सांगितलं नसशील. सांग. रडू आलं हेही सांग. तिलाही या गावात गेली सहा वर्षं लोक काहीबाही विचारतच असतील गं, बाई एकटी, मुलगी बिनलग्नाची. तिला तुझा तो बाक तुझ्या मैत्रिणीपेक्षा जास्त कळेल.

लोनचा फॉर्म आणला असशील तर तो अजून भरू नकोस. आधी आईजवळ बस, मग शनिवारच्या एसटीचं बघ, आणि नोव्हेंबरचं नक्की झालं की मला लिही, झोन ४ मधल्या कोणत्या भागात खोली बघायची ते मी सांगते, जवळ लाँड्री असेल अशी.